वरच्या टायबरकाठी

इटलीहून आल्यापासून भेटेल तो विचारतो, "व्हेनिस पाहिलंत का? पिसाचा कललेला मनोरा?" ते सगळं मागे एकदा सहल कंपनीबरोबर धावतपळत पाहून झालं होतं. या खेपेस मुलाकडे गेले होते आणि त्याला सुट्टी होती, म्हणून पाच दिवस उंब्रियात राहिलो. "हे कुठं आलं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला! म्हणून म्हटलं, एकदाच सविस्तर लिहावं.

उंब्रिया हा इटलीच्या मधोमध असलेला प्रांत. त्याला समुद्र नाही आणि परदेशाची सीमाही नाही. शेजारच्या तोस्कानात प्रवाशांची रीघ असते. इकडे मात्र असिसी सोडलं तर फारसं कुणी वळत नाही. आम्ही होतो अगदी उत्तरेला, वरच्या टायबरच्या खोऱ्यात. रोमला पोचेपर्यंत मोठी होणारी ही नदी इथे आपल्या एखाद्या कोकणातल्या नदीएवढीच दिसते. दोन्ही बाजूंना टेकड्या, टेकडीवर तटबंदीचं गाव, खाली तंबाखूची शेतं आणि तंबाखू वाळवायच्या जुन्या उंच इमारती. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

तंबाखूवरून एक गंमत सांगते. या खोऱ्यात कोस्पाया नावाचं एक चिमुकलं गाव आहे. १४४० च्या सुमारास पोपने इथला मुलूख फ्लॉरेन्सला कर्जापोटी दिला. सीमा ठरली 'रिओ' नावाच्या ओढ्यापाशी. पण रिओ म्हणजे नुसता ओढा, आणि तिथे तसे दोन ओढे होते! एका बाजूने हा ओढा धरला, दुसऱ्या बाजूने तो. मधली पट्टी कुणाचीच नाही. गावकऱ्यांनी लगेच आपण स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. सैन्य नाही, तुरुंग नाही, कर नाही. पुढे तंबाखू आला तेव्हा त्यांनी तो बिनधास्त पिकवला, आणि त्यावर गाव पोसलं. हे चाललं थेट १८२६ पर्यंत. जमिनीच्या कागदात "ओढ्यापर्यंत" असं लिहून पिढ्यान्‌पिढ्या भांडणारी घरं आपण पाहिली आहेत, पण अशा भोंगळ कागदातून एक प्रजासत्ताक निघालेलं मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

बाकीच्या खोऱ्याचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. इथली शेती शतकानुशतकं 'मेद्झाद्रिया' पद्धतीने चाले. जमीन मालकाची, राबायचं कुळाच्या अख्ख्या कुटुंबाने, आणि पीक निम्मं-निम्मं. म्हणजे आपली अर्धेलीच की! युद्धानंतर कुळांची मुलं कारखान्यांच्या शहरांकडे निघून गेली. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करायला बंदी घातली. घरं ओस पडली. त्यांतली काही पुढे परदेशी लोकांनी विकत घेतली. ज्या शांततेचं आपण कौतुक करतो ती अशी आलेली आहे, हे कळल्यावर मला आपल्या कोकणातली कुलूप लागलेली घरं आठवली.

कोकण आठवायला आणखी एक कारण होतं. याच खोऱ्यात मोंतोने नावाचं टेकडीवरचं गाव आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा मागे हटत होत्या आणि त्यांच्या मागावर दहावी भारतीय डिव्हिजन या टेकड्या एकेक करून घेत होती. १० जुलै रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतल्या एका तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीचा नाईक सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. तो एकटाच धावून गेला. त्याने हातबाँब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि बंदूक पुन्हा भरायला वेळ नाही म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपलं. हा नाईक म्हणजे यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

ज्या कुलाबा जिल्ह्यातून ते आले, तिथेच अलिबागजवळ चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ असा संप केला होता. म्हणजे अर्धेलीच्या एका मुलखातला पोरगा दुसऱ्या अर्धेलीच्या मुलखात जाऊन पडला.

मी तीस वर्षं इतिहास शिकवला. धड्यांत १९४२ चं 'चले जाव' असे, आझाद हिंद सेना असे, आणि ते असायलाच हवं. पण त्याच वर्षांत इंग्रजांच्या पलटणीतून लढलेल्या शिपायांना कुठे बसवायचं, हे धड्यांना कधी उमगलं नाही. इटलीत पाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक मेले. ते परक्या राजासाठी लढले म्हणून त्यांना गाळावं, तर मोंतोनेच्या माणसांचं काय? त्यांच्या डोक्यावरची फॅसिस्ट आणि नाझी सत्ता गेली, त्यात या पोरांचा वाटा होताच. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या माणसाने दुसऱ्याला मोकळं केलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि मुलांना त्या तशाच सांगाव्यात असं मला आता वाटतं.

मोंतोनेकरांनी हा गुंता त्यांच्यापुरता सोडवला आहे. जुलै २०२३ मध्ये तिथे यशवंत घाडगे यांचं स्मारक झालं. पुतळा नाही, तोफ नाही. एक छायायंत्र आहे, सूर्याच्या सावलीवर वेळ दाखवणारं घड्याळ. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत.

आपल्याकडे माणगावला त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना माणगावात आपण वाहतुकीत अडकतोच. पुढच्या वेळी अडकलात, तर दहा मिनिटं उतरून पाहून या. बरोबर नातवंडं असतील तर उत्तमच.