ठगी व डकैती विभाग (१८३५–१९०४) : टोळीचे सदस्यत्व आणि गुन्ह्याची सिद्धता

प्रस्तावना

१८१८ मध्ये मराठी सत्तेचा अस्त झाला आणि सागर व नर्मदा खोऱ्यातील प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. याच प्रदेशात पुढे ठगांच्या टोळ्यांविरुद्ध खास पोलीस यंत्रणा उभी राहिली. या यंत्रणेने किती ठग पकडले यापेक्षा त्यांचा गुन्हा कोणत्या रीतीने सिद्ध केला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. विभाग बंद झाला, तरी त्याने रूढ केलेले तत्त्व कायद्यात टिकून राहिले.

यंत्रणेची गरज

ठग वाटेत प्रवाशांशी सलगी करीत, निर्जन स्थळी गळा आवळून त्यांना ठार मारीत आणि प्रेते पुरून टाकीत. मृत परगावचा, मारेकरीही परगावचे. मग फिर्याद करणार कोण? गुन्हा एका हद्दीत करून टोळी दुसऱ्या संस्थानात निघून जाई. जिल्ह्यापुरते अधिकार असलेला मॅजिस्ट्रेट येथे हतबल ठरे. गव्हर्नर-जनरल बेंटिंक यांच्या कारकिर्दीत सागर येथील एजंट एफ. सी. स्मिथ आणि त्यांचे सहायक विल्यम स्लीमन यांनी या मोहिमेला आकार दिला. १८३५ मध्ये स्लीमन यांची ठगी निर्मूलनाचे प्रमुख अधीक्षक म्हणून नेमणूक झाली. १८३९ मध्ये डकैतीचे कामही त्यांच्याकडे आले.

माफीचा साक्षीदार आणि कायदा

विभागाचा सारा भर माफीच्या साक्षीदारांवर होता. फिरंगिया हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. साक्षीदारांचे जबाब परस्परांशी ताडून पाहिले जात. त्यांनी दाखविलेल्या जागा खणून प्रेतेही काढली जात. स्लीमन यांनी ठगांच्या कुटुंबांच्या वंशावळी तयार केल्या आणि त्यांच्या सांकेतिक भाषेचा कोश १८३६ मध्ये ‘रामसीआना’ या नावाने प्रसिद्ध केला.

त्याच वर्षीच्या ३० व्या कायद्याने मूलगामी बदल घडविला. विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरज उरली नाही. कायद्यापूर्वी वा नंतर, कंपनीच्या मुलखात वा बाहेर, आरोपी ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की सक्तमजुरीसह जन्मठेप होई. मुसलमान विधी-अधिकाऱ्याचा फतवा घेण्याचे बंधनही गेले. पूर्वी शिक्षा झालेल्या व्यक्तीची साक्ष १८३७ च्या कायद्याने ग्राह्य ठरली, तर १८४३ मध्ये सदस्यत्वाचे हेच तत्त्व डकैतांच्या टोळ्यांना लागू झाले.

टोळीकडून जमातीकडे

ठगीच्या स्वरूपाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. हिरालाल गुप्त यांनी १९५९ मध्ये स्लीमन यांच्या मांडणीची चिकित्सा केली. स्टुअर्ट गॉर्डन यांनी १९६९ मध्ये ठगीचा संबंध माळव्यातील राजकीय अस्थिरतेशी जोडला. तथापि, प्रवाशांचे खून काल्पनिक नव्हते. आक्षेप आहे तो गुन्हेगारी हा कुळाचा वारसा मानण्यास. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हा विचार टोकास नेला. १८३६ च्या कायद्यात सदस्यत्व निदान न्यायालयात सिद्ध करावे लागे. १८७१ नंतर सरकारी अधिसूचना पुरेशी झाली आणि तिच्या वैधतेविषयी न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येईना. नोंदणी, हजेरी, परवाना आणि वसाहत यांत जन्मलेल्या मुलांच्या माथीही तोच शिक्का बसला. सोलापूरच्या वसाहतीमुळे हा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द होऊन या जमाती ‘विमुक्त’ झाल्या.

समारोप

१९०४ मध्ये ठगी व डकैती विभाग बंद होऊन त्याची जागा केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता विभागाने घेतली. भारतीय दंड संहितेतील ठगाची व्याख्या मात्र १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू होईपर्यंत कायम होती. नव्या संहितेत ती वगळली गेली. त्याच संहितेच्या १११ व्या कलमाने संघटित गुन्हेगारी टोळीचे सदस्यत्व शिक्षापात्र ठरविले. महाराष्ट्रात १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने ही तरतूद आधीच केली होती. तथापि, त्या कायद्यात मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल झालेली असणे आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असणे, अशी अट आहे. सदस्यत्वाचा पुरावा व्यक्तीच्या कृतीत शोधला जातो की तिच्या कुळात, यावरच अशा कायद्याची न्याय्यता अवलंबून असते. म्हणून या अटी केवळ तांत्रिक मानता येत नाहीत.