तारेची जागा हवेने घेतली, की जागा रिकामीच होती?

संशोधनाचे आराखडे वाचताना एक वाक्य वारंवार भेटतं : "भारतात मोबाइल इंटरनेटने घरच्या तारेच्या इंटरनेटची जागा घेतली आहे." वाचणारा मान डोलावतो आणि पुढे जातो. आज आपण पुढे जायचं नाही, या वाक्यावरच थांबायचं. कारण जागा घ्यायची तर आधी तिथे कुणीतरी बसलेलं असावं लागतं. आपल्याकडच्या बहुतेक घरांत तार कधी पोहोचलीच नव्हती. ती का पोहोचली नाही, याचा इतिहास समजला की तुमचा संशोधनप्रश्नसुद्धा बदलतो.

शेवटचा टप्पा

भारतात इंटरनेट आधी संशोधकांकडे आलं. १९८६ मध्ये 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू झाला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची एनसीएसटी होती. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, १५ ऑगस्ट १९९५ रोजी सेवा सुरू केली. पण तिच्यासाठी घरात टेलिफोन हवा होता, आणि टेलिफोनसाठी लोक वर्षानुवर्षं प्रतीक्षायादीत असायचे.

असं का? एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत जाणारी तांब्याची जोडी, हा सगळ्या जाळ्यातला महागडा भाग. रस्ता खणा, केबल पुरा, खांब उभारा, आणि ती तार एकाच घराच्या कामाची. एक्स्चेंजमधली इलेक्ट्रॉनिक्स दरवर्षी स्वस्त होत होती. तांबं आणि खोदकाम स्वस्त होत नव्हतं. हा एक मुद्दा पक्का लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

मद्रासचं उत्तर

आयआयटी मद्रासमध्ये प्रा. अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या 'टेनेट' गटाने नव्वदच्या दशकात यावर सरळ विचार केला : शेवटच्या टप्प्यातलं तांबंच काढून टाकू. मिडास या कंपनीबरोबर त्यांनी 'कॉर-डेक्ट' ही यंत्रणा उभी केली. मनोऱ्यावर बेस स्टेशन, घराच्या भिंतीवर किंवा छपरावर छोटा अँटेना, आणि घरात एक डबा. त्या डब्याला टेलिफोनही जोडायचा आणि संगणकही. बोलणं चालू असताना इंटरनेट सेकंदाला ३५ किलोबिट, बोलणं नसताना ७० किलोबिट. आज हसू येईल, पण फोन अडकवून न ठेवता खेड्यात मिळणारं हे इंटरनेट त्या काळी मोठी गोष्ट होती. तमिळनाडूत मदुराई जिल्ह्यातल्या मेलूर भागात २००१ पासून याच तंत्रावर गावोगाव इंटरनेट केंद्रं चालवून पाहिली गेली.

इथे एक फरक नीट पाहा. ही यंत्रणा बिनतारी होती, पण *घरासाठी* होती. अँटेना जागेवर पक्का, जोडणी घराच्या नावावर. 'बिनतारी' आणि 'फिरतं' हे दोन वेगळे गुण आहेत. आपण ते सर्रास एकच समजतो.

हवा घरातून खिशात गेली

ही गल्लत नुसती बोलण्यातली नाही, ती धोरणातही घडली. शेवटचा टप्पा बिनतारी करण्याचा परवाना लँडलाइन कंपन्यांकडे होता. २००१ मध्ये सरकारने त्यांना 'मर्यादित गतिशीलता' दिली, म्हणजे हा फोन आपल्या शहराच्या परिसरात फिरवता येईल. मोबाइल कंपन्या संतापल्या, कारण त्यांनी परवान्यासाठी मोठी रक्कम मोजली होती. प्रकरण दूरसंचार लवादात आणि सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २००३ मध्ये एकत्रित परवाना आला आणि भांडण मिटलं. दरम्यान डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने सीडीएमए सेवेची घोषणा केली होती. घराच्या भिंतीसाठी सुचलेली बिनतारी जोडणी अशी थेट खिशात गेली. ग्राहकाला ते सोयीचंच होतं, पण घराला स्वतंत्र जोडणी देण्याचा प्रश्न मागे पडला.

२००४ : लक्ष्य मोठं, दार बंद

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग ठरवला : सेकंदाला २५६ किलोबिट. २०१० पर्यंत दोन कोटी जोडण्या, हे लक्ष्य. प्रत्यक्षात २०१० अखेर हा आकडा एक कोटी दहा लाखांच्या आसपास होता.

कारणं अनेक, पण एक तुमच्या टिपणवहीत असू द्या. देशातलं बहुतेक तांबं बीएसएनएल आणि एमटीएनएलकडे होतं. इतर कंपन्यांनी ते भाड्याने घेऊन त्यावरून सेवा द्यावी, ही सक्ती धोरणाने केली नाही. मग खासगी कंपनीने काय करायचं? एकतर नव्याने रस्ते खणायचे, नाहीतर हवेकडे वळायचं. शहरांत ही पोकळी केबलवाल्याने भरली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर टीव्हीसाठी गच्च्यांवरून तारा ओढणारा हा माणूस पुढे त्याच गच्च्यांवरून लॅनची वायर ओढू लागला. पण गच्चीवरून गच्चीवर जायला इमारती जवळजवळ लागतात. वाडीवस्तीवर हा हिशेब बसत नाही.

२०१० चा लिलाव

आता कथेतलं मोठं वळण. २०१० मध्ये ३जीबरोबर 'ब्रॉडबँड बिनतारी सेवे'साठी वेगळ्या लहरींचा लिलाव झाला. या लहरी इंटरनेटसाठी होत्या. निव्वळ इंटरनेट परवाना असलेल्या कंपनीला त्यावर फोन सेवा देता येत नव्हती. इन्फोटेल ब्रॉडबँड या फारशा कुणाला माहीत नसलेल्या कंपनीने २३०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातले २० मेगाहर्ट्झ देशातल्या सर्व २२ परिमंडळांत जिंकले, सुमारे १२,८४८ कोटी रुपयांना. त्याच दिवशी रिलायन्स इंडस्ट्रीजने तिचे ९५ टक्के भागभांडवल घेण्याचं जाहीर केलं. २०१३ मध्ये १,६५८ कोटी रुपये भरून या परवान्याला फोन सेवेची मुभाही मिळाली, आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं. म्हणजे इंटरनेटपुरत्या विकल्या गेलेल्या लहरीही शेवटी मोबाइलच्याच झाल्या. हवा दुसऱ्यांदा खिशात गेली.

मग बिघडलं कुठे?

"फोनवर इंटरनेट आहे ना, हॉटस्पॉट लावा," असं कुणी म्हणेल. इथे थोडं भौतिकशास्त्र लागतं. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवलं की कोणत्याही मार्गाची क्षमता दोन गोष्टींवर ठरते : लहरपट्टा किती रुंद आणि संदेश गोंगाटापेक्षा किती ठळक. ४जीच्या २० मेगाहर्ट्झ पट्ट्यातून, दोन अँटेनांच्या साध्या रचनेत, आदर्श स्थितीत सेकंदाला सुमारे १५० मेगाबिट मिळतात. हे एका माणसाचे नाहीत, मनोऱ्याच्या त्या बाजूला असलेल्या सगळ्यांचे मिळून. त्यात जो लांब किंवा जाड भिंतीआड आहे, त्याला तेवढाच मजकूर पोचवायला मनोऱ्याचा जास्त वेळ जातो.

फायबरही वाटूनच मिळतं, बरं का. घरगुती जीपीऑनमध्ये सेकंदाला अडीच गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. पण गर्दी वाढली तर शेजारी दुसरं फायबर टाकता येतं. दुसरी हवा आणता येत नाही. लहान लहान मनोरे वाढवता येतात, पण प्रत्येक मनोऱ्यापर्यंत पुन्हा तारच न्यावी लागते!

मोजणीचं कोडं

आता सगळ्यात कामाचा भाग. जून २०१८ अखेर ट्रायच्या आकड्यांत देशात इंटरनेटचे ५१ कोटींहून अधिक ग्राहक होते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात, इंटरनेट सुविधा असलेली कुटुंबं होती २३.८ टक्के, ग्रामीण भागात जेमतेम १५ टक्के. दोन्ही आकडे खरे. पण ट्राय *जोडणी* मोजतं, म्हणजे मुख्यतः सिमकार्ड. सर्वेक्षण *कुटुंब* मोजतं. एका घरात चार सिम असू शकतात आणि चार घरांत एकही नसू शकतं.

त्यात 'ब्रॉडबँड' हा शब्दही स्थिर नाही. २०१३ मध्ये किमान वेग ५१२ किलोबिट झाला, २०२३ मध्ये २ मेगाबिट. २०२३ अखेर ब्रॉडबँड ग्राहक ९० कोटींच्या वर होते, त्यांत तारेचे सुमारे चार कोटी. सिमला 'ब्रॉडबँड' म्हटलं की लक्ष्य पूर्ण झालेलं दिसतं आणि घराची रिकामी जागा तक्त्यातून नाहीशी होते. लॉकडाउनमध्ये ती दिसली : घरात एक फोन, भावंडं तीन, तिघांचे वर्ग एकाच वेळी. ट्रायच्या हिशेबात ते घर जोडलेलंच होतं.

२०२३ मध्ये एअरटेल आणि जिओ यांनी घराला ५जी अँटेना लावून इंटरनेट देणं सुरू केलं. कल्पना ओळखीची वाटली ना? कॉर-डेक्टचीच ती, वीस-पंचवीस वर्षांनी परत आलेली. बिनतारी जोडणी पुन्हा भिंतीवर चढली, कारण खिशातल्या जोडणीने घराचं काम भागत नव्हतं.

तुमच्या आराखड्यासाठी

विषय शिक्षणाचा असो, आरोग्याचा किंवा शेतीचा, 'इंटरनेटची उपलब्धता' हा चल वापरणार असाल तर आधी तीन ओळी लिहा. एकक काय : सिम, व्यक्ती की कुटुंब? त्या वर्षी 'ब्रॉडबँड'ची व्याख्या काय होती? आणि 'आधी' काय होतं, की काहीच नव्हतं? पहिल्या दोन ओळी तक्त्यांच्या तळटिपांत सापडतील. तिसरीसाठी इतिहास वाचावा लागेल, कारण जे घडलंच नाही त्याचा रकाना कुठल्याही तक्त्यात नसतो.