मागे वळून पाहणारा राजा: शिरपूरची उत्पत्तिकथा

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे, म्हणजे जमिनीला न टेकता अधांतरी राहिली अशी श्रद्धा असलेल्या मूर्तीमुळे, जैन समाजात प्रसिद्ध आहे; परंतु गावाच्या उत्पत्तिकथेत भक्तीइतकाच जो निर्मळ ग्रामीण विनोद मुरलेला आहे, तोही तितक्याच आस्थेने पाहण्याजोगा आहे.

श्वेतांबर आचार्य जिनप्रभसूरी यांच्या 14व्या शतकातील ‘विविधतीर्थकल्प’ या तीर्थकथांच्या संग्रहात ही कथा आढळते. रावणाचे सेवक माली आणि सुमाली विमानातून जात असता जेवणवेळ होते, आणि पूजेची फुले सांभाळणाऱ्या पोराच्या ध्यानात येते की गडबडीत देवाची पेटी घरीच राहिली. पूजेवाचून धनी जेवणार नाहीत आणि चूक कळली तर रागावतील, म्हणून तो वाळूची मूर्ती घडवतो. पूजा होते, जेवणे होतात आणि मूर्ती जवळच्या तळ्यात ठेवली जाते. आयर्लंडच्या लोककथांतही डीन स्विफ्टचा, म्हणजे धर्मगुरू व लेखक जोनाथन स्विफ्टचा, चाकर असाच हजरजबाबी असतो, पण तिथे धन्यावर मात करण्यात गंमत असते. इथे चाकराने वेळ निभावण्यासाठी घडवलेली मूर्तीच पुढे सर्वांना वंद्य होते, आणि या कथेचे मोठेपण त्यातच आहे.

पुढे श्रीपाल राजाचे, ज्याला वऱ्हाडात एलिचपूरचा ईल राजा म्हणतात, कुष्ठ त्याच तळ्याच्या पाण्याने बरे होते. मूर्ती न्यायची तर सात दिवसांची वासरे जुंपलेल्या गाडीतून, कच्च्या सुताच्या दोरीने, आणि राजाने स्वतः धुरकरी, म्हणजे गाडी हाकणारा, होऊन मागे न पाहता, अशी अट पडते. जुवाखाली नुकती जन्मलेली वासरे आणि धुरेवर राजा, हे चित्र शेतकरी श्रोत्याला हसवल्याशिवाय कसे राहील? ओझे जाणवेना म्हणून राजा वळून पाहतो. मूर्ती तिथेच अधांतरी थांबते, गाडी मात्र पुढे निघून जाते, आणि त्याच जागी शिरपूर वसते.

मूर्तीखालून त्या काळी डोक्यावर घागर घेतलेली बाई जाई, असे सूरी सांगतात. लोकांच्या तोंडी तिच्या जागी घोडेस्वार आला, आणि आता खालून वस्त्र सरकते एवढेच सांगितले जाते. अंतर सांगताना सूरींनी गज किंवा हात ही मापे घेतली नाहीत; पाणवठ्यावरून रोज घरी परतणारी बाई घेतली.