पऱ्हाटीचं झाड आणि कामट्यांचा तारा

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. "आबा, शाळेत ख्रिसमससाठी घरी केलेली एक वस्तू न्यायची आहे. सोपी सांगा. आई म्हणते, तारा विकतच मागवू." शेवटचं वाक्य जरा हळू आवाजात होतं, म्हणजे सूनबाई जवळच असाव्यात.

मी म्हटलं, "तारा मला करता येतो. दहा कामट्या लागतात."

पलीकडे शांतता. मग प्रश्न आला, "कामट्या म्हणजे काय?"

आता बुलढाण्यातल्या एका निवृत्त मास्तराला, तेही चिंतामणराव-गणपतराव असल्या नावांच्या घराण्यातल्या, नाताळचा तारा करता कसा येतो, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. नातेवाइकांपैकी काहींना तर नक्कीच पडेल. ती गोष्ट मी घरात कधी पूर्ण सांगितलेली नाही. आज सांगतो, पण जरा मागून सुरुवात करावी लागेल.

माझं लहानपण घाटाखाली गेलं, खामगावात. खामगाव म्हणजे कापूस. १८७० साली तिथला कापूस बाजार आणि जलंब-खामगाव ही जेमतेम तेरा किलोमीटरची रेल्वे सुरू झाली, तेव्हा उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. तेरा किलोमीटरच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय! एवढं त्या कापसाचं वजन होतं. रॅली ब्रदर्स, व्होल्कार्ट ब्रदर्स अशा विलायती पेढ्या तिथे कापूस घ्यायच्या. आमच्या लहानपणी हिवाळ्यात गावभर कापसाची पिसं उडत. जिनिंगच्या बाजूने आलो की आई दारातच उभी करून डोकं झाडायची.

कापसापाठोपाठ रेल्वे आली, रेल्वेपाठोपाठ मिशनरी आले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेच्या अलायन्स मिशनने वऱ्हाडात अकोला, खामगाव, मलकापूर, बुलढाणा अशी ठाणी उभी केली. आणि मग आला १८९९-१९०० चा दुष्काळ. संवत १९५६ म्हणून मारवाडी-गुजराती मंडळी त्याला 'छप्पनिया' म्हणत. त्या दुष्काळात आईबाप मेलेली, किंवा आईबापांनीच नाइलाजाने सोडलेली मुलं मिशनने गोळा केली. मुलग्यांचं अनाथगृह अकोल्याला, मुलींचं खामगावला. आपल्या भागातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांची वंशावळ त्या दुष्काळाशी येऊन थांबते. त्याच्या आधीचं कुणाला काही सांगता येत नाही. आमच्याकडे श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं लागतात. त्यांच्याकडे एका पिढीआड कोरी पाटी. इतिहास शिकवताना हे मी कधी वर्गात बोललो नाही. पुस्तकात नव्हतं, एवढंच कारण.

माझ्या मित्राची आजी त्या मुलींपैकी एक. वय विचारलं की म्हणायची, "दुष्काळात मी पाच-सहा वर्सांची असंन बाप्पा." गाव आठवत नव्हतं. एक विहीर आणि तिच्या काठचं चिंचेचं झाड एवढं आठवत होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. कागद कापायचं, चुण्या घालायचं, टाके घालायचं सगळं ती अनाथगृहात शिकली होती आणि डिसेंबर लागला की तिचे हात शिवशिवायचे.

तारा ती अशी करायची. बुरुडाकडून बांबूच्या दहा सारख्या कामट्या आणायच्या. पाच कामट्या एकमेकींत गुंतवून पंचकोनी तारा बांधायचा, तसाच दुसरा. मग दोन्ही तारे एकमेकांवर ठेवून पाचही टोकं सुताने घट्ट बांधायची, आणि आत जिथे कामट्या एकमेकींना ओलांडतात तिथे पाच आखूड काड्या आडव्या लावायच्या. त्या काड्या लागल्या की सपाट तारा एकदम फुगतो. हा क्षण मला अजून आवडतो. वर पतंगाचा कागद, तांबडा किंवा पिवळा. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. तिच्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं कागद खातात. (मोरचूद विषारी. मुलांनी घालू नये. नातीला ही पायरी मी गाळायला सांगितली आहे.) एका बाजूचा कागद उघडा ठेवायचा, आत पणती ठेवायला. सण झाला की कागद फाडून कामट्यांचा सांगाडा आढ्याला टांगायचा. पुढच्या वर्षी फक्त कागद नवा.

तुम्ही म्हणाल, हा तर आपला आकाशकंदीलच! अगदी. कामट्या त्याच, बुरूड तोच, खळ तीच. आमच्या घरी दिवाळीला उरलेले कागदाचे ताव मीच तिकडे नेऊन द्यायचो, आणि आजी त्यातलं वितभरही वाया घालवायची नाही. कडांच्या पट्ट्यांच्या साखळ्या व्हायच्या, उरलेल्या तुकड्यांच्या झिरमिळ्या.

पुढे शिक्षक झाल्यावर या ताऱ्याची एक गंमत वाचनात आली. जर्मनीत नीस्की नावाच्या गावी मोरावियन पंथाची निवासी शाळा होती. दूरदेशी गेलेल्या मिशनऱ्यांची मुलं तिथे आईबापांविना राहायची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे भूमितीचा पाठ म्हणून मुलांकडून कागदाचा तारा करून घेऊ लागले. सतरा टोकं चौकोनी बुडाची, आठ त्रिकोणी बुडाची, एकूण पंचवीस. सव्विसावी बाजू टांगण्यासाठी मोकळी. मुलं तो आपापल्या खोलीत लावायची. पुढे १८८० च्या सुमारास असे तारे विकले जाऊ लागले आणि हेर्नहूटला त्यांचा कारखानाही झाला. आपल्या पारंपरिक आकाशकंदिलातही कामट्यांच्या चौकटी जोडताना चौकोन-त्रिकोणच तयार होतात. म्हणून तिथून इथे आला की इथून तिथे गेला, असला वाद मला घालायचा नाही. तो आपल्याकडे फार चालतो. मला त्यात दिसली ती घरापासून दूर असलेली मुलं, रात्री खोलीत बसून कागद कापणारी. नीस्कीतली आणि खामगावातली.

मी मूळचा मराठी-इतिहासाचा मास्तर, पण लहान शाळेत सगळंच शिकवावं लागतं. पंचकोनी ताऱ्याच्या पाच टोकांच्या कोनांची बेरीज १८० अंश येते, हे मी फळ्यावर न सांगता कामट्यांवरून दाखवायचो. मुलांना ते कधी विसरायला झालं नाही.

गोठा मात्र त्या घरी नसे. गोठ्याची परंपरा कॅथलिकांची. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावी पहिल्यांदा जिवंत बैल-गाढव उभं करून देखावा मांडला, तिथपासूनची. आपल्याकडे वसईत आणि गोव्यात गोठे काय सुरेख करतात! तिथे पोर्तुगीज होते. 'नाताळ' हा आपला शब्दही त्यांच्याच भाषेतून आलेला. वऱ्हाडातली मिशनची मंडळी प्रॉटेस्टंट. मित्राच्या घरी मूर्ती मांडत नसत, म्हणून तारा आणि झाड.

झाडाचीही वेगळीच कथा. मुळात जर्मन रिवाज. १८४८ साली राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या घरच्या झाडाचं चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापून आलं आणि मग ते इंग्रजी घराघरात गेलं. मिशनच्या भेटकार्डांवरही तेच झाड असे, बर्फाने लदलेलं. खामगावात देवदार कुठून आणणार? कोकणपट्टीत सुरूची फांदी तरी मिळते. आजी शेतातून वाळलेली पऱ्हाटी उपटून आणायची, डब्यात माती भरून तीत रोवायची, आणि तिच्या काड्यांवर कागदी फुलं बांधायची.

आता त्या वर्षाची गोष्ट. डिसेंबर १९६०. महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ महिने झालेले. आम्ही चौथीत. त्या काळी शाळेत सूतकताई असे. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, त्याचा आमच्यापर्यंत पोचलेला भाग म्हणजे टकळी आणि पेळू. माझं सूत सारखं तुटायचं. पण पेळू मला फार आवडायचे. बोटाएवढे, मऊ, पांढरेशुभ्र.

मित्राकडे ते बर्फाचं भेटकार्ड मी पाहिलं होतं. बर्फ आम्हाला माहीत होता तो लग्नातल्या सरबताचा, पोत्यात लाकडाच्या भुशात ठेवलेला. झाडावर बर्फ पडतो ही कल्पनाच अजब वाटली. मी मित्राला म्हटलं, आपल्या झाडावरही बर्फ पाहिजे. आणि शाळा सुटताना कपाटातल्या पेटीतून पेळू उचलले. मीच. त्याने फक्त पिशवी धरली.

आम्ही ते पिंजून पऱ्हाटीवर पसरले. ते झाड काय दिसत होतं! आजीने विचारलं, "रुई कुठली रे?" मी म्हटलं, "आमच्या घरची."

दोन दिवसांनी शाळेत पेळू मोजले गेले. कुणीतरी मित्राच्या घरचं झाड पाहिलेलं होतंच. गुरुजींनी त्याला उभं केलं. छड्या बसल्या. छड्यांपेक्षा वाईट होतं ते गुरुजींचं एक वाक्य, "यांचा सण, मग चोर कोण असणार?" वर्ग हसला. मी पहिल्या बाकावर होतो. हसलो नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. बोललोही नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, नाव तर घेतलंच नाही.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, तर आजी कंदिलाच्या उजेडात बसून झाडावरचा कापूस वेचत होती. एकेक तूस. वेचून, बोटांनी सारखा करून, विणायच्या सुईवर गुंडाळून परत पेळू वळत होती. मला म्हणाली, "बस." मी थोडा वेळ बसलो आणि निघून आलो. दुसऱ्या दिवशी तिने ते पेळू नातवाच्या हाती शाळेत परत पाठवले.

त्या नाताळला झाड उघडंच होतं, नुसत्या काळ्या काड्या. फराळाचं ताट मात्र नेहमीसारखं आमच्याकडे आलं. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, म्हणजे दिवाळीचंच सगळं. आई ताट घ्यायची. रिकामं ताट परत देऊ नये म्हणून त्यात साखर घालायची. आणि फराळ भांडेवालीला देऊन टाकायची. आईला मी आज दोष देत नाही, ती तिच्या काळातली होती. पण नातेवाईक हे वाचताहेत म्हणून लिहून ठेवतो की असं व्हायचं. त्या वर्षी मी ताटातली एक करंजी उचलून परसात जाऊन खाल्ली. घशाखाली उतरत नव्हती.

पुढच्या वर्षी आजीने पऱ्हाटी आणली ती वेचणीतून सुटलेल्या बोंडांसकट. पंधरा-वीस बोंडं असतील, अर्धवट उमललेली, कवडी कापसाची. कागदी फुलं एकही लावली नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "शेतातूनच आनलं हो असं." मी काय समजायचं ते समजलो.

आजी १९६६ च्या सुमारास गेली. मित्र टपाल खात्यात लागला, मी डी. एड. करून घाटावर आलो. लग्नाकार्यात भेटी होत राहिल्या, पण हा विषय निघाला नाही. माझ्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला दर डिसेंबरात मी कामट्यांचा तारा करून घ्यायचो. लोक म्हणत, गुरुजी फार सर्वधर्मसमभावी. असो.

तर नातीसाठी मी मंगळवारी बुरुडाकडून कामट्या आणल्या. तो म्हणाला, "दिवाळी झाली ना गुरुजी?" घरी येऊन दोन तारे बांधले, पण मधल्या काड्यांचं माप काही केल्या आठवेना. लांब झाल्या की तारा फुगतो आणि टोकं ताणून सुटतात, आखूड झाल्या की पणती काय, बल्बही बसत नाही. शेवटी नागपूरला मित्राला फोन लावला. माप विचारायच्या आधी कसं कोण जाणे, पण तोंडातून निघून गेलं, "त्या वर्षीचे पेळू... मी चार-पाचच उचलले होते रे, पण तुला..."

तो म्हणाला, "अकरा होते. मी मोजून परत केले होते."

मग थोडा वेळ दोघंही गप्प. नंतर त्यानेच विचारलं, "कामट्या केवढ्या घेतल्यास?"

"दीड हात."

"मग चार बोटं काडी. आणि ओली काप, वाळलेली तडकते."