संसर्गरोगतज्ज्ञ आणि न्यायवैद्यक मत

जीवाणू, विषाणू, बुरशी व परजीवी यांच्यामुळे होणाऱ्या रोगांवर उपचार करणारा विशेषज्ञ म्हणजे संसर्गरोगतज्ज्ञ. एमडीनंतर ३ वर्षांचा डीएम अभ्यासक्रम पूर्ण करून हे विशेषज्ञत्व मिळते. भारतात ही शाखा नवी असून तिचे तज्ज्ञ मोठ्या शहरांतच एकवटले आहेत. यवतमाळ जिल्ह्यात अशा रुग्णांचा भार फिजिशियनवर आणि श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (स्थापना १९८९) रुग्णालयावर पडतो.

पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस व टायफॉइड यांचे ताप पहिले काही दिवस सारखेच दिसतात. स्क्रब टायफसची काळी खपली काखेत किंवा जांघेत दडलेली असू शकते. रुग्णाला नीट उघडून तपासले नाही, तर ती नजरेतून सुटते. त्यामुळे निदान चुकल्याची तक्रार झाली, तर न्यायालयात मत देणाऱ्या तज्ज्ञाने कोणत्या दिवशी काय दिसत होते आणि केसपेपरवर काय नोंदले होते, हे आधी पाहावे लागते. उशिरा आलेल्या कल्चरच्या अहवालावरून आधीच्या उपचाराला दोष देणे अन्यायाचे ठरते.

अशा मताचे वजन सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून कळते, आणि दोन्ही संसर्गाचेच आहेत. मुंबईतील एका मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाला जंतुसंसर्गासाठी अमिकासिन दिले गेले. बहिरेपण आल्याची त्याची तक्रार होती. हे औषध कानाला अपाय करू शकते, पण संसर्ग जिवावर बेतणारा होता. २००९ मध्ये न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला व अशा तक्रारी आधी त्या विषयातील तज्ज्ञाकडे पाठवाव्यात, असे सांगितले. २०१० मध्ये हैदराबादच्या प्रकरणात थंडी वाजून ताप येणाऱ्या रुग्ण महिलेवर मलेरियाऐवजी टायफॉइडचे उपचार झाले होते. तेथे न्यायालयाने प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञमत आवश्यक नसल्याचे स्पष्ट केले. चूक उघड दिसत असेल, तर तक्रारीला तज्ज्ञमताची आडकाठी नको, ही भूमिका रुग्णाच्या दृष्टीने मोलाची आहे. फौजदारी तक्रारीत मात्र सर्वोच्च न्यायालयाच्याच जेकब मॅथ्यू निकालानुसार (२००५) तपास अधिकाऱ्याने शक्यतो सरकारी सेवेतील, त्याच शाखेच्या डॉक्टरचे मत घेणे अपेक्षित आहे.

उघड चुकीचे उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातच घडले. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल केले. ती बरी झाली.