किल्लारी, भूज आणि आर्किटेक्टची दुसरी शाळा

आजचा एपिसोड ऐकताना तुम्ही एखाद्या बिल्डिंगमध्ये असाल, तर एक काम करा. ती कोणत्या साली बांधली, ते आठवा. लगेच आठवलं नाही तरी चालेल, शेवटी या प्रश्नाकडे परत येऊ.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावं. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात जमीन हलली. ६.२ तीव्रतेचा भूकंप. जगाच्या हिशेबात हा काही महाभयंकर नव्हे, तरी हजारो माणसं गेली. का? तर घरांमुळे. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद त्या रात्री अंगावर आलं.

आता दुसरी गोष्ट ऐका. भूकंपात इमारती कशा टिकवायच्या, याचा आपल्याकडे एक कोड आहे, आयएस १८९३. त्यात देशाचा नकाशा असतो आणि धोक्यानुसार झोन पाडलेले असतात. १९९३ ला त्या नकाशात किल्लारी कुठे होती? झोन १. म्हणजे सगळ्यात कमी धोका! हो, बरोबर ऐकलंत.

हे पहिल्यांदाच झालं असंही नाही. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरली, तेव्हा तोही भाग झोन १ मध्येच होता. १९७० च्या आवृत्तीत कोयना थेट झोन ४ मध्ये गेली. किल्लारीचा भाग २००२ च्या आवृत्तीत झोन ३ मध्ये आला आणि झोन १ नकाशातून कायमचा गेला. थोडक्यात काय, तर आधी भूकंप, मग नकाशा.

पण नकाशा बदलला म्हणून भिंत बदलते का? नाही ना! कोड पुस्तकात असतो, भिंत साइटवर. मध्ये असतो माणूस. आर्किटेक्ट, इंजिनिअर, गवंडी. आपली आजची गोष्ट या मधल्या माणसाची आहे.

२६ जानेवारी २००१, भूज. तिथून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब असलेल्या अहमदाबादमध्ये कित्येक बहुमजली इमारती कोसळल्या. इथे नकाशा चुकला नव्हता. शहर झोन ३ मध्ये होतं, कोडही होता. मग? त्यातल्या बऱ्याच इमारतींखाली पार्किंग होतं. वरचे मजले भिंतींमुळे कडक आणि खालचा नुसता खांबांवर उभा. जमीन हलली की सगळा ताण त्या खांबांवर. याला म्हणतात सॉफ्ट स्टोरी.

आता विचार करा, पार्किंग खाली ठेवायचं हे कागदावर पहिल्यांदा कोण काढतं? आर्किटेक्ट. स्ट्रक्चरल इंजिनिअरची गणितं त्यानंतर. त्यामुळे ‘भूकंप हा इंजिनिअरचा विषय’ हा समज भूजनंतर टिकला नाही. गुजरातमध्ये गुन्हे दाखल झाले, ते फक्त बिल्डरांवर नव्हे, आर्किटेक्टवरसुद्धा.

मग सुरू झाली दुसरी शाळा. २००३ मध्ये केंद्र सरकारने भूकंप अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला. सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी कॉलेजच्या शिक्षकांना शिकवायचं, त्यात आर्किटेक्चर कॉलेजचे शिक्षकही. नोकरी-व्यवसायात असलेल्या आर्किटेक्टसाठी गृहमंत्रालयाचा वेगळा कार्यक्रम आला. आयआयटी कानपूरच्या सी. व्ही. आर. मूर्ती यांनी ‘अर्थक्वेक टिप्स’ नावाच्या चित्रांसकट छोट्या टिपा लिहिल्या. त्यात अवघड गणित जवळजवळ नाहीच.

यात शिकायचं काय असतं? बघा, खांबातल्या सळ्यांभोवती रिंगा असतात. रिंगेचं टोक काटकोनात वळवलं, तर धक्क्यात ती उघडते. १३५ अंशांत आत वळवलं, तर धरून ठेवते. हा नियम आयएस १३९२० मध्ये १९९३ पासून आहे. किल्लारीचंच साल! आणि २००२ च्या कोडने सांगितलं, की पार्किंगच्या मजल्याचे खांब आणि बीम अडीचपट जोर धरून डिझाइन करा.

आता हिशेब लावा. आयएस १८९३ निघाला १९६२ ला. मग १९६६, १९७०, १९७५, १९८४, २००२ आणि २०१६ असा बदलत गेला. १९८३ ला डिग्री घेतलेला आर्किटेक्ट १९७५ चा कोड शिकला. त्यानंतर त्याच्या हयातीत कोड तीनदा बदलला, पण डिग्री भिंतीवर तीच! मोबाइलचं अपडेट आपोआप येतं हो, माणसाचं येत नाही. त्याला वर्गात जाऊन बसावं लागतं, आणि तेही स्वतःची प्रॅक्टिस, साइट, क्लायंट सांभाळून. कंटाळवाणं वाटतं, पण किल्लारी आणि अहमदाबादची किंमत मोजून आलेला हा धडा आहे.

तर, सुरुवातीचा प्रश्न. तुमची बिल्डिंग कोणत्या सालची? २००२ च्या आधीची असेल आणि खाली नुसतं पार्किंग असेल, तर घाबरू नका. पण सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये रंगकामाच्या आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय काढा. आणि ओळखीत कुणी आर्किटेक्ट असेल, तर हा एपिसोड त्यांना पाठवा. भेटू पुढच्या वेळी!