शरित भौमिक

शरित भौमिक (मृत्यू : २०१६) हे भारतीय समाजशास्त्रज्ञ होते. श्रमाचे समाजशास्त्र हा त्यांचा मुख्य अभ्यासविषय. मुंबई विद्यापीठात व पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत त्यांनी अध्यापन केले. उत्तर बंगालमधील चहामळ्यांतील मजुरांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. बंद पडलेले उद्योग कामगारांनी सहकारी तत्त्वावर चालविण्याचे प्रयोगही त्यांनी अभ्यासले. महाराष्ट्राच्या दृष्टीने मात्र कायम नोकरी गेलेल्या कामगारांविषयीचे त्यांचे संशोधन अधिक मोलाचे आहे.

गिरणी कामगारांचा अभ्यास

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या मुंबईतील संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढील दोन दशकांत बहुतेक गिरण्यांची धुरांडी थंडावली. मध्य मुंबईतील माजी गिरणी कामगारांच्या कुटुंबांविषयी भौमिक व नितीन मोरे यांनी लिहिलेला निबंध २००१ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला.

गिरणीत सगळेच सुरक्षित होते असे नव्हे. बदली कामगाराला आज काम मिळेल की नाही याची खात्री नसे. परंतु कायम कामगाराला भविष्य निर्वाह निधी, उपदान, राज्य कामगार विमा योजनेचा दवाखाना आणि संघटना यांचा आधार होता. गिरणीबरोबर तो गेला. घर चालविण्यासाठी असा माणूस पहारेकऱ्याचे, हमालीचे किंवा फेरीचे, मिळेल ते काम धरतो. त्यामुळे बेकारांच्या गणतीत तो दिसतच नाही. त्याने गमावलेले संरक्षण कोणत्याही रकान्यात नोंदले जात नाही.

फेरीवाले

भौमिक यांनी मुंबई, कोलकाता, अहमदाबाद, बंगळूर, पाटणा, भुवनेश्वर व इंफाळ या सात शहरांतील फेरीवाल्यांची पाहणी केली. मुंबई व अहमदाबाद येथील सुमारे ३० टक्के आणि कोलकात्यातील सुमारे ५० टक्के फेरीवाले पूर्वी संघटित क्षेत्रात नोकरीला होते, असे तीत आढळले. नगरनियोजनाच्या चर्चेत फेरीवाला एरवी रहदारीतील अडथळा म्हणूनच येतो. त्याच्या हातगाडीमागे एखादा बंद कारखाना असू शकतो, हे या पाहणीने दाखविले. २००४ मध्ये केंद्र सरकारने फेरीवाल्यांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. २०१४ च्या कायद्यानुसार शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे प्रतिनिधी असणे आवश्यक आहे.

सोलापूरच्या संदर्भात

या सात शहरांत सोलापूर नव्हते. प्रश्न मात्र येथे जुना आहे. ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद झाली, तेव्हा केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून तिचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. या हस्तक्षेपाची वैधता सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि संबंधित निकाल आजही घटनाकायद्याच्या अभ्यासात वाचले जातात. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा तसे संरक्षण सर्वांना लाभले नाही.

शहराच्या पूर्व भागात स्त्रिया घरी बसून बिड्या वळतात. तेंदूपाने व तंबाखू कारखान्याची, जागा आणि वेळ बाईची, मजुरी हजारी. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी बिड्या वळणाऱ्या या स्त्रियांनाही कामगार मानले. फेरीवाल्याला असा मालकच नसतो. म्हणून २०१४ चा कायदा त्याला विक्रीचे प्रमाणपत्र व जागेचा हक्क देतो, निवृत्तिवेतन नव्हे.